ईसीजीवरचा रिदम: आधी मोजा, नाव सगळ्यात शेवटी

रिदमची, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांच्या तालाची, ईसीजी पट्टी हातात दिली की बहुतेक इंटर्न आणि नव्या सिस्टर तीन सेकंदांत नाव सांगून मोकळे होतात. "सर, एसव्हीटी." (वरच्या कप्प्यांकडून येणारी जलद धडधड.) रेट, म्हणजे मिनिटाला ठोके, किती? "फास्ट आहे." दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं आहे का? इथे पट्टी पुन्हा उचलली जाते. बाळ यायच्या आधीच बारसं उरकण्यातला हा प्रकार. एकदा नाव तोंडातून गेलं की डोळे त्या नावाला जुळेल तेवढंच बघतात आणि सिरिंजही त्याच नावाची भरली जाते.

खालचा क्रम मी वॉर्डात शिकवतो. त्यात रिदमचं नाव नवव्या टप्प्यात येतं, त्याआधी नाही. पहिले काही दिवस एका पट्टीला दहा मिनिटं लागतील, मग दोन. एका ठोक्याच्या आकृतीत आधी पी लहर (वरचे कप्पे, म्हणजे एट्रियम), मग टोकदार क्यूआरएस (खालचे कप्पे, म्हणजे व्हेंट्रिकल; त्यातलं वरचं टोक तो आर) आणि शेवटी टी लहर असते; क्यूआरएस आणि टी यांच्यामधला भाग एसटी. हार्ट अटॅकमधले एसटीचे बदल हा वेगळा विषय आहे, तो इथे घेतलेला नाही. औषधांची नावं जिथे आली आहेत तिथे ती रिदम चुकीचा वाचला तर काय होतं हे कळावं म्हणून आली आहेत. द्यायचं ते डॉक्टरांच्या ऑर्डरनेच.

जवळ ठेवायच्या वस्तू: टोक केलेली पेन्सिल, कोऱ्या कागदाचा सरळ कडेचा तुकडा आणि पेशंटचा जुना ईसीजी. जुना ईसीजी नातेवाइकांच्या पिशवीत, घडी घालून, एक्स-रेच्या पाकिटात असतो. मागून घ्या. नव्या पट्टीवरचे निम्मे वाद तो एका मिनिटात मिटवतो.

## टप्पा १: आधी पेशंट

पट्टी हातात घेण्याआधी मनगट हातात घ्या. पेशंट बोलतोय का, नाडी लागते का, बीपी किती, श्वास कसा आहे? बेशुद्ध आहे आणि नाडी लागत नाही, तर पट्टी वाचत बसायचं नाही. हाक मारा, छाती दाबायला सुरुवात करा, डिफिब (शॉक देण्याचं मशीन) मागवा.

नाडी आहे, पण बीपी पडलंय, शुद्ध हरपतेय, छातीत दुखतंय किंवा फुफ्फुसात पाणी भरून धाप लागलीय, या चारपैकी काहीही असेल तर पेशंट अस्थिर. मग पट्टीवरून फक्त एवढंच ठरवायचं: खूप फास्ट की खूप स्लो. बारकावे नंतर.

उलटही होतं. मॉनिटरवर व्हीटीसारख्या, म्हणजे खालच्या कप्प्यांतून येणाऱ्या जलद ठोक्यांसारख्या, लाटा उसळताहेत आणि आजोबा दात घासताहेत. सरळ रेघ आलीय आणि काकू नर्सला चहा विचारताहेत. पहिल्यात हात हलतोय, दुसऱ्यात वायर सुटलीय.

## टप्पा २: पट्टी नीट काढा

चुकीच्या वाचनांपैकी बरीचशी चूक इथेच होऊन गेलेली असते.

त्वचा. घाम पुसा, केस असतील तर त्या जागेपुरते काढा, अंगाला तेल लावलेलं असेल तर स्पिरिटने पुसा. बल्बवाल्या इलेक्ट्रोडना जेली लावताना एका जागेची जेली दुसऱ्या जागेपर्यंत पसरू देऊ नका. सहाही बल्ब एकाच चिकट पट्ट्यात बसले तर छातीच्या सगळ्या लीड (हृदयाकडे वेगवेगळ्या बाजूंनी बघणारे आलेख) सारख्याच दिसतात.

वायरी. आपल्याकडच्या बारा लीडच्या मशीनवर बहुतेक ठिकाणी रंग असे असतात: उजवा हात लाल, डावा हात पिवळा, डावा पाय हिरवा, उजवा पाय काळा. घोळ होतो तो मॉनिटरवर. काही मॉनिटरच्या वायरी अमेरिकी पद्धतीच्या असतात: उजवा हात पांढरा, डावा हात काळा, डावा पाय लाल, उजवा पाय हिरवा. म्हणजे लाल वायर एका पद्धतीत उजव्या हाताची आणि दुसरीत डाव्या पायाची. एकाच आयसीयूत शेजारशेजारच्या बेडवर दोन्ही प्रकार असू शकतात. म्हणून रंग पाठ करू नका, वायरीच्या टोकावर छापलेली अक्षरं वाचा.

छातीच्या जागा. उरोस्थीवर बोट फिरवून वरचा उंचवटा शोधा. तिथे दुसरी बरगडी येऊन मिळते. तिच्याखालची फट ती दुसरी. तिथून मोजत चौथ्या फटीपर्यंत या. उरोस्थीच्या उजव्या कडेला व्ही १, डाव्या कडेला व्ही २. व्ही ४ पाचव्या फटीत, गळपट्टीच्या हाडाच्या मध्यातून खाली येणाऱ्या रेषेवर. व्ही ३ हा २ आणि ४ च्या मधोमध. व्ही ५ आणि व्ही ६ हे व्ही ४ च्याच आडव्या पातळीवर, अनुक्रमे काखेच्या पुढच्या आणि मधल्या रेषेवर. सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे व्ही १ आणि व्ही २ वर, जवळजवळ गळ्याशी लावणं. बरगड्या न मोजता अंदाजाने लावलं की हे होतंच.

हालचाल आणि वीज. पेशंट कुडकुडत असेल तर अंगावर ब्लँकेट घाला. हात शरीराशेजारी सैल, मूठ उघडी. बेसलाइनवर बारीक, एकसारखे दाते आले तर ते बहुधा ५० हर्ट्झचं विजेचं व्यत्यय. मोबाइल, सिरिंज पंपाचा अडॅप्टर, बेडला टेकलेली वायर बाजूला करा. फिल्टर हा शेवटचा उपाय. जोरदार फिल्टरने पट्टी देखणी होते आणि पेसमेकरच्या बारीक रेघा पुसल्या जातात.

लांबी. एकेक लीड तुकड्यातुकड्याने छापणाऱ्या मशीनवर रिदमसाठी लीड २ ची वेगळी लांब पट्टी काढा, किमान १० सेकंदांची. ठोके अनियमित वाटले तर ३० सेकंद चालू द्या. चार ठोक्यांवरून रिदम सांगणं म्हणजे शितावरून भाताची परीक्षा, पण भात आणि खिचडी एकाच पातेल्यात असताना.

## टप्पा ३: कागद तपासा

नाव, तारीख, वेळ. पेशंटला धडधड होत असताना काढली की थांबल्यावर, हेही पेनने लिहा.

मग वेग: २५ मिलिमीटर प्रति सेकंद. या वेगाला छोटा चौकोन ०.०४ सेकंदाचा, पाच छोट्यांचा मोठा चौकोन ०.२० सेकंदाचा. कुणी चुकून ५० चा वेग लावला असेल तर सगळं दुप्पट ताणलं जातं: रेट निम्मा दिसतो, क्यूआरएस रुंद दिसतो. कॅलिब्रेशनचा खांब (आलेखाच्या उंचीचं माप दाखवणारी खूण) १० छोटे चौकोन उंच हवा.

तपासा: एव्हीआर या लीडमध्ये पी आणि क्यूआरएस खाली हवेत. ते वर असतील आणि लीड १ पूर्ण उलटी असेल, तर दोन्ही हातांच्या वायरी अदलाबदल झाल्या आहेत असं धरा आणि पुन्हा काढा. पुन्हा काढल्यावरही तसंच आलं आणि छातीच्या लीडमध्ये व्ही १ पासून व्ही ६ कडे जाताना क्यूआरएस लहान होत गेला, तर हृदय उजवीकडे असण्याची शक्यता.

मशीनने वर जे छापलंय ते आत्ता वाचू नका, हाताने झाका. आकडे ठीक असतात, निदान नेहमी नसतं. अंग थरथरत असलेल्या माणसाला मशीन हमखास एएफ (एट्रियल फिब्रिलेशन, वरच्या कप्प्यांची बेताल थरथर) ठरवतं.

## टप्पा ४: रेट

नियमित रिदममध्ये ३०० ला दोन आरमधल्या मोठ्या चौकोनांनी भागा. १ चौकोन ३००, २ असतील तर १५०, मग १००, ७५, ६०, ५०. फास्ट रिदममध्ये एका मोठ्या चौकोनाची चूक महागात पडते, तिथे १५०० ला छोट्या चौकोनांनी भागा. १० छोटे चौकोन म्हणजे १५०. ८ म्हणजे जवळजवळ १८८.

अनियमित असेल तर ही रीत बंद. ३० मोठे चौकोन, म्हणजे ६ सेकंद, मोजा. त्यातल्या क्यूआरएसना १० ने गुणा. १० सेकंदांची पट्टी असेल तर सगळे क्यूआरएस मोजून ६ ने.

मॉनिटरच्या आकड्यावर विसंबू नका. टी लहर उंच असेल तर मॉनिटर तिलाही ठोका समजतो आणि ६० च्या जागी १२० दाखवतो. याउलट दर दुसरा ठोका व्हेंट्रिकलमधून लवकर येत असेल तर मॉनिटर ८० म्हणतो आणि मनगटावर ४० लागतात. दोन आकडे जुळले नाहीत तर दोन्ही लिहा.

## टप्पा ५: नियमित की अनियमित

डोळ्याने ठरवायचं नाही. कोऱ्या कागदाची कड पट्टीवर ठेवा, सलग तीन आरवर पेन्सिलीने खुणा करा, कागद एकेक ठोका पुढे सरकवा. खुणा शेवटपर्यंत जुळल्या तर नियमित. जुळल्या नाहीत तर पुढचा प्रश्न: विस्कळीतपणात काही नमुना आहे का? दर तिसरा ठोका लवकर, दर चौथा गळतो, असं काही? की कशाचा कशाला पत्ता नाही?

हा टप्पा लोक सर्रास गाळतात. १६० च्या रेटने चाललेलं एएफ नुसत्या डोळ्यांना नियमित वाटतं. कागदाच्या कडेला वाटत नाही.

## टप्पा ६: पी लहर शोधा

लीड २ आणि व्ही १ मध्ये बघा. साइनस नोडमधून (हृदयाच्या नैसर्गिक पेसमेकरमधून) निघालेली पी लीड १ आणि २ मध्ये वर, एव्हीआरमध्ये खाली, आणि दरवेळी एकाच आकाराची असते. लीड २ मध्ये उलटी पी क्यूआरएसच्या अगदी आधी किंवा नंतर दिसली तर विजेचा आवेग बहुधा जंक्शनकडून (वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या जोडावरून) वर गेलाय. तीन किंवा जास्त आकारांच्या पी, अनियमित अंतर आणि रेट १०० च्या वर, हे मल्टिफोकल एट्रियल टॅकिकार्डिया. बऱ्याचदा जुनाट दम्या-सीओपीडीच्या पेशंटमध्ये. याला एएफ म्हणून शॉक देऊन काही मिळत नाही, फुफ्फुस सुधारावं लागतं.

पी दिसत नाही म्हणजे ती नाही, असं लगेच म्हणू नका. ती टीमध्ये दडते. सगळ्या टी लहरी शेजारी शेजारी बघा; भावंडांपेक्षा वेगळी, टोकदार किंवा कुबड आलेली टी सापडली तर आत पी बसलीय.

आणखी एक युक्ती. दोन क्यूआरएसच्या बरोबर मधोमध पी दिसली, तर दुसरी क्यूआरएसच्या आत लपली असेल असा संशय घ्या. फ्लटर (वरच्या कप्प्यांत आवेग वेगाने, पण नियमित फिरत राहणं) असाच पकडला जातो.

## टप्पा ७: पी आणि क्यूआरएसचं नातं

प्रत्येक पीनंतर क्यूआरएस आहे का, आणि प्रत्येक क्यूआरएसआधी पी आहे का? हे दोन वेगळे प्रश्न आहेत, दोन्ही विचारा. मग पीआर अंतर मोजा: पीच्या सुरुवातीपासून क्यूआरएसच्या सुरुवातीपर्यंत, ३ ते ५ छोटे चौकोन. एका ठोक्यात मोजून थांबू नका, पाच-सहा ठोक्यांत मोजा. स्थिर आहे, वाढत जातंय की वाट्टेल तसं बदलतंय?

ठोका गळलेला दिसला की पींसाठी वेगळा कागद घ्या. दिसणाऱ्या पींवर खुणा करून कागद सरकवला की लपलेल्या पींच्या जागा आपोआप कळतात.

## टप्पा ८: क्यूआरएसची रुंदी आणि क्यूटी

३ छोट्या चौकोनांपेक्षा कमी असेल तर अरुंद, ३ किंवा जास्त असेल तर रुंद. सगळ्या लीडमध्ये बघा आणि जिथे सगळ्यात रुंद दिसतो तो आकडा घ्या. एका लीडमध्ये क्यूआरएसची कड बेसलाइनमध्ये मिसळून गेली की रुंद ठोका अरुंद भासतो, आणि तिथून पुढे सगळंच बिघडतं.

क्यूटीसाठी (क्यूआरएसच्या सुरुवातीपासून टीच्या शेवटापर्यंतचं अंतर) झटपट चाळणी: रेट ६० ते १०० च्या दरम्यान असेल तर टी लहर दोन आरच्या मध्याआधी संपायला हवी. मध्य ओलांडला तर नीट मोजून रेटनुसार दुरुस्त आकडा काढा. तो ५०० मिलिसेकंदांच्या वर गेला तर औषधांचा चार्ट उघडा. ॲझिथ्रोमायसिन, ऑन्डॅनसेट्रॉन, हॅलोपेरिडॉल, ॲमिओडॅरोन ही मंडळी एकाच चार्टवर भेटतात आणि पोटॅशियम, मॅग्नेशियम कमी असेल तर आणखी बिघडवतात.

थांबा. आता एक ओळ लिहा, उदाहरणार्थ: "रेट १५०, नियमित, पी नीट दिसत नाही, क्यूआरएस अरुंद." ही ओळ लिहिता येत नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ९: आता नाव

### फास्ट, अरुंद, नियमित

तीन उमेदवार: साइनस टॅकिकार्डिया, एसव्हीटी, फ्लटर.

साइनसमध्ये पी दिसते, रेट हळूहळू चढतो-उतरतो आणि वयाला साजेसा असतो. २२० वजा वय ही ढोबळ वरची मर्यादा. ताप, जुलाब, रक्तस्राव, दुखणं, फुफ्फुसातली गुठळी, कारण शोधा. रेट उतरवायला औषध मागू नका, हृदय पळतंय ते कशासाठी तरी पळतंय. कोकणात लाल विंचू चावलेला, घामाने थबथबलेला, हातपाय गार पडलेला पेशंट असाच येतो; तिथे रेटकडे बघून बीटा ब्लॉकर देणं घातक ठरू शकतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रूढ केलेलं प्राझोसिन हे तिथलं औषध.

एसव्हीटी एकदम सुरू होते, एकदम थांबते आणि मधे रेट एखाद्या ठोक्यानेही हलत नाही. पेशंट सांगतो, "बटण दाबल्यासारखं सुरू झालं." व्ही १ मध्ये क्यूआरएसच्या शेवटी छोटा जादा आर किंवा लीड २ मध्ये छोटा जादा एस दिसला तर ती क्यूआरएसला चिकटलेली पी असते, जुन्या, धडधड नसतानाच्या ईसीजीशी ताडून बघा.

फ्लटरमध्ये एट्रियम साधारण ३०० ने फिरतं आणि दर दुसरा आवेग खाली उतरतो. म्हणून रेट १५० च्या आसपास आणि जागचा हलत नसेल, तर आधी फ्लटर मनात आणा. करवतीचे दाते लीड २, ३ आणि एव्हीएफमध्ये शोधा, पट्टी उलटी धरूनही बघा. दाते टी लहरीत मिसळतात आणि सगळे त्याला साइनस म्हणून सोडून देतात.

पेशंट स्थिर असेल तर सुधारित वालसाल्वा: अर्धवट बसवून १० मिलिची सिरिंज तोंडात द्यायची, दट्ट्या जेमतेम सरकेल इतक्या जोराने १५ सेकंद फुंकायला सांगायचं, मग लगेच आडवं करून पाय ४५ अंशांवर १५ सेकंद उचलून धरायचे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या रिव्हर्ट चाचणीत साध्या वालसाल्वाने १७ टक्के आणि या रीतीने ४३ टक्के पेशंट साइनसमध्ये आले होते. आपल्याकडे अजूनही बरेच ठिकाणी नुसतं "जोर लावा काका" म्हणून भागवतात.

इशारा: ॲडेनोसिन (वरून खाली जाणारा आवेग क्षणभर अडवणारं इंजेक्शन) देताना पट्टी चालू ठेवा. ती चालू नसेल तर अर्धी किंमत वाया. एसव्हीटी असेल तर थांबताना दिसेल, फ्लटर असेल तर क्यूआरएस क्षणभर गायब होऊन दाते उघडे पडतील. कोपराजवळची मोठी व्हेन, झटक्यात इंजेक्शन, लगेच २० मिलि सलाइनचा फ्लश. पेशंटला आधी सांगा की काही सेकंद छाती आवळेल, जीव जातोय असं वाटेल आणि ते जाईल. दमा आहे का, हे आधी विचारा.

### फास्ट, अरुंद, अनियमित

पी नाही, अंतराला कसलाच नमुना नाही: एट्रियल फिब्रिलेशन. बेसलाइनची थरथर दिसलीच पाहिजे असं नाही. आणि थरथर दिसली म्हणून एएफ असंही नाही. कंपवाताच्या पेशंटमध्ये बेसलाइन थरथरते, पण क्यूआरएस घड्याळासारखे येतात.

नाडी मनगटावर मोजू नका, स्टेथोस्कोपने हृदयावर पूर्ण एक मिनिट मोजा. तिशी-चाळिशीतल्या बाईमध्ये एएफ दिसलं तर मायट्रल झडप आकसलीय का, याची शंका घ्या. लहानपणच्या संधिवाती तापाची ही देणगी आपल्याकडे अजून संपलेली नाही.

यातली हुकणारी गोष्ट अशी: जुन्या एएफचा पेशंट आज अचानक नियमित, ४० च्या रेटने चाललाय आणि पी मात्र नाहीच. घरचे म्हणतात, ठोके सुधारले. सुधारलेले नाहीत, वरचा आवेग पूर्ण अडलाय आणि खालून राखीव ठोके येताहेत. डिगॉक्सिन (ठोके मंदावणारं हृदयाचं औषध) चालू आहे का, ते लगेच विचारा.

### फास्ट, रुंद

नियमित असेल तर व्हीटी, दुसरं काही सिद्ध होईपर्यंत. पूर्वी हार्ट अटॅक येऊन गेला असेल तर ही खात्री आणखी वाढते. "बीपी चांगलं आहे, पेशंट बोलतोय, म्हणजे व्हीटी नसेल" हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता मोजणं सोडलंय. व्हीटीचा पेशंट चालत ओपीडीत येऊ शकतो. हिला एसव्हीटी समजून व्हेरापामिल (रेट उतरवणारं औषध) दिलं की तोच पेशंट टेबलावर कोसळू शकतो.

पक्कं करायचं असेल तर शोधा: क्यूआरएसशी संबंध नसलेल्या, आपल्याच चालीने जाणाऱ्या पी, मधेच आलेला एखादा अरुंद ठोका, अरुंद आणि रुंद यांची सरमिसळ झालेला ठोका, व्ही १ ते व्ही ६ सगळे क्यूआरएस वर किंवा सगळे खाली. यातलं काही सापडलं नाही तरी व्हीटी रद्द होत नाही.

रुंद, पण रेट १२० च्या खाली? मग पोटॅशियम वाढलंय का ते बघा. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन दिल्यानंतर ५० ते ११० च्या रेटने रुंद ठोके थोडा वेळ येऊन जातात. पेशंट ठीक असेल तर बहुतेक वेळा त्यांना हात लावावा लागत नाही.

रुंद आणि अनियमित असेल, रेट मधेमधे २०० च्या वर आणि प्रत्येक क्यूआरएसची रुंदी वेगळी, तर तो वरच्या-खालच्या कप्प्यांना जोडणाऱ्या जादा वाटेवरून उतरणारा एएफ असू शकतो. इथे ॲडेनोसिन, डिल्टियाझेम, व्हेरापामिल, डिगॉक्सिन यांपैकी काहीही नको. नेहमीची वाट बंद केली की सगळे आवेग जादा वाटेने उतरतात आणि व्हीएफ (खालच्या कप्प्यांची बेताल थरथर, नाडीच जाते) होऊ शकतं.

टोकं बेसलाइनभोवती पीळ घातल्यासारखी लहान-मोठी, वर-खाली होत जाणारी: टॉरसाड, लांबलेल्या क्यूटीतून येणारी व्हीटी. मॅग्नेशियमचं इंजेक्शन काढून ठेवा, क्यूटी लांबवणारी औषधं बंद करायला सांगा, आधीच्या साइनस ठोक्यांमधली क्यूटी मोजून लिहा.

शॉकआधी तपासा: नाडी आहे तर सिंक (शॉक आरशी जुळवणारं बटण) चालू, आणि स्क्रीनवरची खूण प्रत्येक आरवरच पडतेय, टीवर नाही. बऱ्याच मशीनमध्ये पहिल्या शॉकनंतर सिंक आपोआप बंद होतं. दुसऱ्या शॉकआधी बटण पुन्हा बघा. व्हीएफ असेल तर सिंक बंद हवं, नाहीतर मशीन आरची वाट बघत बसतं.

### स्लो

सगळ्या पीनंतर क्यूआरएस आणि पीआर ५ छोट्या चौकोनांच्या वर, कायम तेवढंच: पहिल्या दर्जाचा ब्लॉक (आवेग वरून खाली उतरण्यातला अडथळा). नोंद करा, पुढे चला.

पीआर वाढत वाढत एक ठोका गळतो: वेंकबाख. वाढ बारीक असते. म्हणून गळण्याआधीचं शेवटचं पीआर आणि गळल्यानंतरचं पहिलं पीआर यांची तुलना करा, फरक तिथे सगळ्यात मोठा असतो.

पीआर ठाम, आणि न सांगता ठोका गळतो: मोबिट्झ २. पेशंट आत्ता हसत बोलत असला तरी त्याला पेसिंगची (यंत्राने ठोके देण्याची) सोय असलेल्या ठिकाणी हलवण्याची तयारी ठेवा. एक सोडून एक पी गळत असेल तर या दोघांतलं कोणतं हे त्या पट्टीवरून सांगता येत नाही. "२:१ ब्लॉक" एवढंच लिहा आणि लांब पट्टी काढा.

पी आपल्या चालीने, क्यूआरएस आपल्या चालीने, पीआर दरवेळी वेगळं: पूर्ण ब्लॉक. क्यूआरएस अरुंद आणि ४० ते ६० असेल तर थोडा वेळ हातात आहे. रुंद आणि २० ते ४० असेल तर नाही. ॲट्रोपिनने (रेट वाढवणाऱ्या इंजेक्शनने) काम होईल म्हणून वाट बघत बसू नका.

इशारा: पूर्ण ब्लॉकमधले ते रुंद ठोके बघून कुणी लिग्नोकेन (व्हेंट्रिकलचे ठोके दाबणारं औषध) मागतं. ते राखीव ठोके आहेत. तेच दाबले तर मागे काही उरत नाही.

ब्लॉक नसताना ब्लॉक वाटायला लावणारा एक भामटा आहे: न उतरलेला लवकरचा एट्रियल ठोका. विराम दिसला की त्याआधीची टी बघा. त्यात लवकर आलेली पी सापडली तर तो ब्लॉक नव्हे. ब्लॉकमधली गळलेली पी आपल्या ठरल्या वेळीच येते.

स्लो रिदममध्ये तीन प्रश्न विचारल्याशिवाय फोन करू नका. कोणत्या गोळ्या चालू आहेत? डायलिसिस चुकलंय का? काही खाल्लंय का? तिसरा प्रश्न ग्रामीण भागात विशेष. पिवळ्या कण्हेरीच्या, म्हणजे बिट्टीच्या, बिया खाल्लेला पेशंट उलट्या आणि ब्लॉक घेऊन येतो, आणि घरचे आपणहून सांगत नाहीत. डायलिसिसच्या पेशंटमध्ये पी सपाट किंवा गायब, क्यूआरएस रुंद, टी तंबूसारखी टोकदार दिसली तर पोटॅशियमच्या रिपोर्टसाठी थांबत नाहीत, डॉक्टरांना लगेच बोलावतात आणि कॅल्शियम ग्लुकोनेट काढून ठेवतात.

### सरळ रेघ किंवा नुसती थरथर

नाडी नाही हे पक्कं करून छाती दाबणं सुरू ठेवा. दुसऱ्याने वायरी बघायच्या, लीड बदलायची, गेन (आलेखाची उंची) वाढवायचा. बारीक व्हीएफ कमी गेनवर सरळ रेघ दिसतं. पेसमेकरवाल्या पेशंटमध्ये मॉनिटर नुसत्या पेसिंगच्या रेघांना ठोके समजून ७० चा आकडा दाखवत राहू शकतो. प्रत्येक रेघेमागे क्यूआरएस आणि नाडी आहे का, ते बघा.

## टप्पा १०: लिहा, कळवा, जपा

आता मशीनचं छापील निदान उघडा आणि आपल्याशी ताडा. जुळत नसेल तर टप्पा ५ ते ८ पुन्हा. अजूनही जुळत नसेल तर दोन्ही लिहा.

फोनवर नावाने सुरुवात करू नका. असं सांगा: "६२ वर्षांचे गृहस्थ, दोन वर्षांपूर्वी हार्ट अटॅक, २० मिनिटांपासून धडधड. शुद्धीवर, बीपी १०० बाय ७०. रेट १७०, नियमित, क्यूआरएस चार छोटे चौकोन, पी दिसत नाही. मला व्हीटी वाटतेय." नाव चुकलं तरी पलीकडच्याला बरोबर निर्णय घेता येतो, कारण मोजमाप त्याच्या कानावर पडलेलं असतं.

फोटो पाठवताना पट्टी सपाट पसरून, वरून सरळ, फ्लॅश बंद करून काढा. कॅलिब्रेशनचा खांब आणि लीडची नावं फ्रेममध्ये हवीत, पेशंटचं नाव मात्र बोटाने झाका. धडधड चालू असतानाची पट्टी सगळ्यात मोलाची, कारण औषध दिल्यावर ती पुन्हा मिळत नाही. तिची त्याच दिवशी झेरॉक्स काढा. थर्मल कागद उन्हात, चिकटपट्टीखाली, प्लॅस्टिकच्या पाकिटात आणि सॅनिटायझरच्या थेंबाने पुसट होतो. वर्षभराने कार्डिओलॉजिस्टसमोर पेशंट उघडतो तेव्हा हातात कोरा गुलाबी कागद असतो.